मुलीचे म्हणणे आपल्या पत्रात कुठे आहे?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते, तिला ७१ टक्के गुण आहेत, स्फटिकातून जाताना इलेक्ट्रॉन कसे विखुरतात याचे सिम्युलेशन ती रात्री जागून लॅपटॉपवर करते, आणि आपण तिला न विचारता डेटा सायन्सच्या क्लासचा पहिला हप्ता भरला आहे. आता ‘हे सोडून क्लासला जा, असे तुम्हीच तिला समजावा’ असे आपण लिहिता. ते मी करणार नाही. आपल्या चार पानी पत्रात नात्यातल्या मुलांची पॅकेजेस आहेत, तिच्या लग्नाच्या वयाचा हिशेब आहे. तिने स्वतः काय म्हटले त्याचे एकही वाक्य नाही. शेवटी जाता जाता ‘हल्ली ती जेवताना बोलत नाही’ असे आपण लिहिले आहे, आणि मला खरी काळजी वाटली ती या ओळीची. ज्या कामात तिने आपणहून जीव ओतला ते घरात कुणी एकदा पाहिलेलेही नाही आणि ते थांबवण्याचे पैसे मात्र भरून झाले, अशा वेळी तिच्या गप्प बसण्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

‘कॉलेजात सूक्ष्मदर्शक नाही म्हणून संगणकावर खोटी चित्रे काढते’ हे आपले वाक्य दुरुस्त करणे भाग आहे. २०० किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे २.५ पिकोमीटर, म्हणजे सिलिकॉनच्या दोन शेजारी अणूंमधील अंतराच्या जवळजवळ शंभराव्या भागाइतकी असते. तरीही पडद्यावर उमटते ते अणूंचे सरळ छायाचित्र नसते. अणूंचा इलेक्ट्रॉनांवर इतका प्रबळ परिणाम होतो की काही नॅनोमीटर जाडीतच ते पुनःपुन्हा विखुरतात, त्या तरंगांची सरमिसळ होते, आणि नमुन्याची जाडी किंवा फोकस थोडा बदलला तरी पांढरे ठिपके काळे होऊ शकतात. मग अणू नेमका कुठे आहे हे ठरवायचे कसे? काउली आणि मूडी या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये मांडलेली रीत आजही वापरली जाते: स्फटिकाचे पातळ काप कल्पायचे, प्रत्येक कापातील अणूंमुळे तरंगाची कला (त्याचे चढउतार किती पुढेमागे सरकले ते) किती बदलते ते काढायचे, तो तरंग पुढच्या कापापर्यंत न्यायचा, आणि असे करत संपूर्ण जाडी पार करायची. हे गणिती चित्र प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहिले की अर्थ लावता येतो. आपली मुलगी करते ते हे गणित कोट्यवधींचे सूक्ष्मदर्शक असलेल्या प्रयोगशाळांनाही टाळता येत नाही.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएच.डी.साठी नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा, हा मार्ग तिला ठाऊक असेलच. तो लांबचा आहे आणि कायमस्वरूपी जागा थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. मात्र नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि या कामात हाताखालून जाणारे फूरिए रूपांतर (गुंतागुंतीच्या तरंगाची साध्या तरंगांत फोड करण्याचे गणित), पायथन व ग्राफिक्स कार्डावरील प्रोग्रामिंग इतर क्षेत्रांतही उपयोगी पडते.

तिलाही माझे एक सांगणे आहे. कापांची जाडी निम्मी करूनही उत्तर तेच येते का, हे तपासल्याशिवाय कोणत्याही चित्रावर विश्वास ठेवू नये. सिलिकॉनकडे [११०] या स्फटिकातील ठरावीक दिशेने पाहिले असता अणूंचे स्तंभ जोडीने दिसतात आणि जोडीतील दोन स्तंभांमध्ये १.३६ अँगस्ट्रॉम (१३६ पिकोमीटर) अंतर असते. तिच्या प्रोग्राममध्ये ही जोडी कोणत्या जाडीला आणि फोकसला वेगळी दिसते व कधी एकमेकींत मिसळते, हे तिने वहीत नोंदवून ठेवावे.

येत्या रविवारी तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि तोच प्रोग्राम आपल्यासमोर चालवायला सांगा. फोकस बदलताना पांढरा ठिपका काळा का झाला, हे तिला विचारा आणि तिचे उत्तर पूर्ण ऐका. क्लासच्या दुसऱ्या हप्त्याविषयी त्यानंतर तिलाच विचारा.