दोरीच्या अलीकडून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर पोरवयात केलेल्या कॅडीगिरीबद्दल, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची बॅग वाहण्याबद्दल, लिहिलं होतं. शेवटी सहज एक ओळ टाकली होती की, २०२३ साली मुलीकडे लिव्हरपूलला गेलो असताना जवळच्या होयलेकला ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा बघून आलो. पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवर. चार पानं कॅडीगिरीवर लिहिली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. असो. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

प्रश्न : माझा मुलगा मँचेस्टरला असतो. त्याने येत्या जुलैतल्या ब्रिटिश ओपनची शनिवारची दोन तिकिटं काढली आहेत, रॉयल बर्कडेल नावाच्या ठिकाणची. मी तेव्हा तिथेच असेन. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. वय ६१, गुडघे कुरकुरतात. दिवसभर नेमकं काय बघायचं? साडी नेसली तर चालेल का? मुलाचा हिरमोड करायचा नाही, पण कंटाळून मरायचंही नाही. — एक आई, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, आधी माझी फजिती ऐका, म्हणजे तुमची टळेल.

मी होयलेकला दोन दिवस गेलो, गुरुवारी आणि रविवारी. गुरुवारी दुपारी मॅकिलरॉय, जॉन राम आणि जस्टिन रोज एकाच गटात होते. म्हटलं, एवढ्या लांब आलोय तर बघायचं ते यांनाच. पहिल्या होलपासून (कोर्सवर खेळायचे असे अठरा टप्पे असतात) त्यांच्या मागे लागलो. अख्खं इंग्लंड त्यांच्याच मागे होतं. पाच तास मी लोकांच्या माना बघितल्या, टोप्या बघितल्या, एका गृहस्थाच्या खांद्यावर बसलेलं पोर बघितलं. चेंडू उडाल्याचा आवाज यायचा, मग सगळे आकाशाकडे बघायचे, म्हणून मीही बघायचो. १८व्या होलवर मॅकिलरॉयचा चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खोलगटात, भिंतीला चिकटून पडला होता आणि तरीही त्याने पार वाचवला, म्हणजे त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांतच चेंडू खड्ड्यात घातला. हे मला रात्री टीव्हीवर कळलं. मी तिथून तीस पावलांवर उभा होतो!

तेव्हा पहिली गोष्ट : कुणाच्या मागे धावू नका. मोठ्या नावांच्या मागे तर मुळीच नाही.

शनिवारचं तिकीट आहे हे उत्तम. गुरुवारी-शुक्रवारी १५६ जण खेळतात, तिघातिघांच्या गटाने, म्हणजे ५२ गट. सगळे पहिल्याच होलवरून सुटतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास पहिला गट निघतो आणि शेवटचा निघेपर्यंत दुपारचे चार वाजतात. जुलैत तिकडे रात्री साडेनऊला उजेड असतो म्हणून हे जमतं. दोन दिवसांनंतर पहिले सत्तर आणि त्यांच्या बरोबरीचे ठेवून बाकीच्यांना घरी पाठवतात. शनिवारी उरलेले दोघादोघांनी खेळतात. मागे पडलेले सकाळी लवकर, आघाडीवरचे सर्वांत शेवटी, दुपारी. यात तुमच्या कामाची गोम अशी की शनिवारी सकाळी कोर्स जवळजवळ रिकामा असतो. जगातल्या पहिल्या शंभरातला एखादा खेळाडू तुमच्यापासून दहा हातांवर उभा राहून कॅडीशी वाऱ्याबद्दल हुज्जत घालतो, आणि ऐकायला तुम्ही, तुमचा मुलगा आणि एक कुत्रा फिरवून आलेले आजोबा. म्हणून आठच्या आत पोहोचा. मुलगा कुरकुर करेल, करू दे.

मँचेस्टरहून साउथपोर्टला थेट गाडी आहे. साउथपोर्टला उतरून लिव्हरपूलकडे जाणारी लोकल धरायची, दुसरं स्टेशन हिलसाइड. तिथून चालत. मी रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे माणसाला रस्ता सांगायचा म्हणजे आधी स्टेशन सांगायचं ही सवय जात नाही. तिकीट मोबाइलमधल्या ॲपवर असतं, तेव्हा फोन पूर्ण चार्ज करून न्या. आत गेल्यावर तो आवाज बंद करून ठेवायचा.

आता बर्कडेलबद्दल. तुमचं नशीब असं की बघणाऱ्यासाठी याच्याइतकी सोयीची जागा ओपनच्या कोर्सेसमध्ये क्वचितच असेल. होयलेक ताटासारखं सपाट आहे, पुढच्या माणसाची उंची जास्त असली की संपलं. बर्कडेलला खेळपट्ट्या वाळूच्या उंच टेकड्यांमधल्या घळीतून जातात आणि लोक टेकड्यांच्या उतारावर बसतात. म्हणजे खाली नाटक आणि वर पिट. गुडघ्यांचं म्हणाल तर पूर्ण कोर्स साडेसहा किलोमीटर आहे. वळसे आणि चढउतार धरले की नऊ-दहा होतात, ते तुम्ही करूच नका. ग्रीनला, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला, लागून लाकडी पायऱ्यांचे मोठे स्टँड उभारतात. बहुतेक स्टँडमध्ये कुठल्याही तिकिटावर बसता येतं, जो आधी येईल त्याची जागा. लहान होलच्या, म्हणजे पार तीनच्या ग्रीनमागचा स्टँड पकडा. तिथून खेळाडू पहिला फटका मारतो तेही दिसतं आणि चेंडू खड्ड्यात पडतो तेही. गोल्फमध्ये सुरुवात आणि शेवट एका जागी बसून दिसणारी हीच एक जागा. दोन तास तिथे बसा. वीसेक जण तुमच्यासमोरून तोच एक पेपर सोडवून जातील. पाचव्या माणसापर्यंत तुम्हाला कळायला लागेल की वारा कुठून येतोय आणि ग्रीनचा उतार कुठे फसवतोय. दहाव्या माणसाला तुम्ही मनात सांगाल, ‘अरे, डावीकडे नको.’ माझ्या मुलीला क्रिकेटसुद्धा आवडत नाही, पण होयलेकच्या १७व्या होलवर ती असंच बडबडत होती. जेमतेम १३६ यार्डांचं होल, पण चुकलं की चेंडू गडगडत खाली, आणि भलेभले तिथे रडले.

आकडे कळायला एवढंच पुरे : जितके फटके कमी तितकं चांगलं, आणि पिवळ्या फलकावर लाल आकडा दिसला की पोरगा चांगला खेळतोय. खेळाडू ओळखायचा असेल तर त्याच्याकडे बघू नका, त्याच्या कॅडीच्या पाठीकडे बघा. कॅडीच्या अंगातल्या झब्ल्यावर मालकाचं आडनाव छापलेलं असतं.

आणि कॅडीकडे बघताय तर जरा बघतच राहा. हे मी माझ्या जुन्या जातभाईंसाठी सांगतो. फटक्याआधीचे दोन मिनिटं हा खरा खेळ असतो. कॅडी वही काढतो, अंतर सांगतो, गवताच्या चार काड्या हवेत सोडतो. खेळाडू एका काठीला हात लावतो, कॅडी काही बोलत नाही. त्या न बोलण्याचा अर्थ ‘ही नको’ असा असतो. आम्ही चेंबूरला साहेबाला ‘नको’ म्हणायचो नाही, नुसती बॅग जरा फिरवायचो, म्हणजे दुसरी काठी त्याच्या हाताशी यायची.

याच बर्कडेलला २०१७ साली जॉर्डन स्पीथचा १३व्या होलवरचा चेंडू इतका उजवीकडे गेला की टेकडी ओलांडून भलत्याच उतारावर पडला. दंड घेऊन तो थेट सरावाच्या मैदानावर गेला आणि ट्रकांच्या रांगेपलीकडून खेळला. वीसेक मिनिटं खेळ थांबला. मधली टेकडी उंच, खड्डा दिसत नाही, अंतर किती यावर दोघांचं एकमत होईना. त्याचा कॅडी मायकेल ग्रेलर पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. त्या होलवर स्पीथला एकच फटका जास्त पडला, जिथे तीन-चार पडायला हवे होते. आघाडी गेली खरी, पण पुढच्या चार होलांत बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी (बर्डी म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, ईगल म्हणजे दोन), आणि तीन फटक्यांनी तो जिंकला. मुलाला म्हणावं, आधी त्या १३व्यापाशी ने.

अजून एक मत्सराची गोष्ट. बंकरमधली वाळू सारखी करणं हे कॅडीचं सगळ्यात कटकटीचं काम. ओपनमध्ये प्रत्येक गटाबरोबर त्यासाठी वेगळा माळी हातात दाताळं घेऊन चालतो. मी त्या माणसाकडे इतका वेळ बघत होतो की मुलगी म्हणाली, बाबा, खेळ तिकडे आहे.

साडीला कुणाची हरकत नाही, समुद्रावरच्या वाऱ्याची आहे. पँट, पकड घेणारे बूट, आणि जुलै असला तरी स्वेटर. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. होयलेकला रविवारी दिवसभर पाऊस होता. आपल्या जुलैसारखा धो धो म्हणता येणार नाही, पण आडवा.

त्या रविवारचं सांगतो आणि थांबतो. सगळी गर्दी ब्रायन हार्मनकडे होती, तो सहा फटक्यांनी जिंकला. मी गुरुवारचा धडा घेऊन शुभंकर शर्माची वाट बघत एका ग्रीनपाशी बसून राहिलो. चंडीगडचा पोरगा. आजूबाजूला फारशी माणसं नव्हती. त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, खड्ड्यात गेला आणि माझ्या तोंडून ‘शाब्बास रे वाघा!’ निघून गेलं. दोरीजवळच्या स्वयंसेवकाने हात वर केला, पण शुभंकरने वळून टोपीला हात लावला. ६८, ७१, ७०, ७० अशा चार फेऱ्या करून तो संयुक्त आठवा आला, मॅकिलरॉयच्या फक्त एक फटका मागे. त्याआधी ओपनमध्ये भारतीयाची सर्वोत्तम कामगिरी होती ज्योती रंधावाची, २००४ साली, संयुक्त सत्ताविसावा. पुढे बसायला जागा मिळाली म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलं.

प्रश्न : ‘फोर!’ असं ओरडतात ते चौकार गेल्यावर का? — कॉलेजवीर, सांगली

उत्तर : नाही रे बाबा. ‘फोर’ म्हणजे चेंडू माणसांच्या दिशेने येतोय. ऐकल्यावर वर बघायचं नाही. डोक्यावर हात घेऊन खाली बसायचं, आणि चेंडू कुठे पडला ते मग बघायचं. चेंबूरला माझ्याबरोबरच्या एका पोराने वर बघितलं होतं. कपाळावर सात टाके. पडलेल्या चेंडूला हात लावायचा नाही, हेही लक्षात ठेव. तो आहे तिथूनच खेळायचा असतो.

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा, आता अटलांटात. मास्टर्स या गोल्फ स्पर्धेच्या तिकिटांच्या लॉटरीत बुधवारचं, म्हणजे सरावाच्या दिवसाचं तिकीट लागलं. मित्र म्हणतात, खरी स्पर्धा गुरुवारपासून, हे काय कामाचं? — हताश

उत्तर : हताश कसले होता! लोक वर्षानुवर्षं अर्ज भरतात आणि त्यांना नकाराची ईमेल येते. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाला मी गेलेलो नाही, माझा भाचा गेला होता, त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो. फोन आत नेता येत नाही. सापडला तर बाहेर काढतात. घरी निरोप द्यायचा तर कोर्सवर फुकटचे टेलिफोन आहेत, तेव्हा बायकोचा नंबर पाठ करा. (भाच्याला नव्हता.) कॅमेरा फक्त सरावाच्या दिवसांत चालतो, स्पर्धेच्या नाही, म्हणजे फोटो काढायचे तर तुमचाच दिवस बरा. पळायला बंदी आहे. घडीची खुर्ची ग्रीनपाशी ठेवून दिवसभर भटकलात तरी ती तुमचीच राहते. मुंबईच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. पिमेंटो चीजचं सँडविच दीड डॉलरला, त्या देशात एवढं स्वस्त दुसरं काही राहिलं नसावं. आणि टीव्हीवर सपाट दिसतं तिथे चांगलाच चढ आहे, बूट नीट घाला.

बुधवारी दुपारी छोट्या नऊ होलांची पार थ्री स्पर्धा असते. खेळाडूंची पोरंबाळं पांढरे डगले घालून कॅडी होतात, कुणी बॅग ओढतं, कुणी ग्रीनवर लोळतं. ते बघाच. पण ते पांढरे डगले मूळचे कुणाचे, तेही माहीत असू द्या. १९८२पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूला स्वतःचा कॅडी आणता येत नसे, क्लबचेच कॅडी घ्यावे लागत, आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. त्यांतला कार्ल जॅक्सन १९६१ साली, चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा मास्टर्समध्ये बॅग घेऊन चालला. नंतर बेन क्रेनशॉने १९८४ आणि १९९५ साली स्पर्धा जिंकली ती याच्याच खांद्यावर बॅग ठेवून. एकूण ५४ मास्टर्स त्याने केल्या.

प्रश्न : एवढं लिहिता, तुम्ही स्वतः गोल्फ खेळता का? — खोचक, दादर

उत्तर : सोमवारी कोर्स बंद असायचा, तेव्हा आम्हा पोरांना खेळू द्यायचे. आठ जणांत एक सात नंबरची काठी होती, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. माझी पाळी यायची तोवर साधारण अंधार पडलेला असायचा.