तंत्रज्ञानाचे ‘हस्तांतरण’ होते का?

प्रश्न : ‘एफ-४१४ इंजिनाच्या करारात ८० टक्के तंत्रज्ञानाचे हस्तांतरण’ असे बातम्यांत येते. इथे ‘हस्तांतरण’ हा शब्द बरोबर आहे का? आणि परवाना-उत्पादन, सहविकास, स्वदेशी हे शब्द लढाऊ विमानांच्या इंजिनाबद्दल कुठे वापरायचे?

उत्तर : व्याकरणाच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे, अर्थाच्या दृष्टीने मात्र तो वाचकाची दिशाभूल करतो.

भाषांतर, देशांतर, रूपांतर यांतला ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. हस्तांतर म्हणजे दुसरा हात. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा आहे तो जमीनजुमल्याच्या व्यवहारांतून. मिळकतीचे हस्तांतरण झाले की देणाऱ्याचा हक्क संपतो आणि उताऱ्यावर घेणाऱ्याचे नाव चढते. त्यामुळे ‘८० टक्के हस्तांतरण’ वाचले की इंजिन बारा-तेरा आणे आपल्या नावावर झाले, असेच वाटते.

तसे होत नाही. तेजस मार्क-२ या लढाऊ विमानासाठीच्या या इंजिनाबाबत अमेरिकेची जीई कंपनी आणि आपली सरकारी विमाननिर्मिती कंपनी एचएएल यांच्यात जून २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. त्यातले ८० टक्के हे किमतीच्या हिशेबाने सांगितले जातात, ज्ञानाच्या मापाने नव्हे. आणि आराखडा जीईचाच राहतो. जमिनीच्याच भाषेत बोलायचे तर ही वहिवाट आहे, मालकी नाही.

ज्ञानाचे माप वेगळे का, हे टर्बाइनच्या, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चाकाच्या, एका पात्यावरून कळते. ज्वलनकक्षातून येणारा वायू पात्याच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पाते टिकते ते आतून खेळवलेल्या हवेमुळे, अंगावरच्या बारीक छिद्रांमुळे, सिरॅमिकच्या लेपामुळे आणि एकस्फटिकी घडणीमुळे. साध्या ओतीव धातूत अनेक स्फटिककण असतात. उष्णता आणि ताण एकत्र आले की त्यांच्या सीमा सैल पडतात आणि पाते हळूहळू लांबत जाते. म्हणून अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओततात. आधी मेणाची प्रतिकृती, तिच्यावर सिरॅमिकचा साचा, मग मेण वितळवून काढायचे. साच्याच्या तळाशी मळसूत्रासारखी नळी ठेवतात. तिच्या वळणांतून एकच कण वर पोचतो. धातू ओतल्यावर साचा तापलेल्या भट्टीतून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने खाली उतरवायचा. गती चुकली तर पात्याच्या बुडाशी, जिथे आकार एकदम रुंदावतो तिथे, कोपरे आधी थंड होतात, तिथे परका कण रुजतो आणि पाते बाद होते.

परवान्याबरोबर भट्टीचे तापमान आणि उतरवण्याची गती मिळते. हे झाले ‘कसे’. पण त्या भूमितीला तीच गती का, हे अनेकदा दिले जात नाही. मग भट्टी बदलली किंवा पात्याची वक्रता थोडी सुधारायची झाली की पुन्हा मूळ कंपनीचे दार ठोठवावे लागते. हा ‘का’ कष्टाने, पाती बाद करत करतच हाती येतो. हैदराबादच्या डीएमआरएल या डीआरडीओच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० एकस्फटिकी पाती एचएएलला दिल्याचे डीआरडीओने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केले. ती बातमी छोटीच आली; माझ्या मते ती मथळ्याची होती.

म्हणून ‘कसे’ मिळते तिथे ‘परवाना-उत्पादन’ लिहावे. ओडिशात कोरापुटच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआयचे एएल-३१एफपी इंजिन थेट कच्च्या मालापासून घडते, तरी आराखडा रशियाचा. हे ‘भारतीय बनावटीचे’ इंजिन. (‘बनावटीचे’ यातले ‘-ईचे’ गाळू नका, ‘बनावट इंजिन’ म्हणजे खोटे इंजिन.)

‘सहविकास’ त्याच्या पुढचा. कोऱ्या कागदापासून आराखड्यात दोघांचा हात आणि हक्कातही दोघांचा वाटा असला, तरच तो शब्द शोभतो. युरोफायटर या युरोपीय लढाऊ विमानाचे ईजे२०० इंजिन हे चांगले उदाहरण : ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन यांच्या कंपन्यांनी भाग वाटून घेतले, कॉम्प्रेसर जर्मनीच्या एमटीयूकडे, मागचा नोझल स्पेनच्या आयटीपीकडे. आपल्या पाचव्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्राँ कंपनीबरोबर इंजिन घडवण्याची वाट धरल्याचे संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. तिथे ‘सहविकास’ म्हणण्याआधी तापलेल्या भागाचा, म्हणजे ज्वलनकक्ष आणि उच्चदाब टर्बाइनचा, आराखडा कोण करणार आणि पुढे तो बदलण्याचा अधिकार कुणाला, हे दोन प्रश्न विचारावेत.

‘स्वदेशी’ हा शब्द आराखड्यासाठी राखावा. तेजससाठी १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन स्वदेशीच. उड्डाणचाचणी २०१० मध्ये रशियात आयएल-७६ विमानावर झाली, म्हणून ते परके ठरत नाही. चाचणीचे विमान उसने घेतले, आराखडा नाही. ८१ किलोन्यूटनचे लक्ष्य असताना ते सुमारे ७० पर्यंत पोचले आणि तेजसपासून वेगळे काढले गेले, ही उणीव क्षमतेची, स्वदेशीपणाची नव्हे.

मग ‘हस्तांतरण’ऐवजी काय लिहावे? परवान्याच्या करारात ‘तंत्र पुरवणे’ किंवा ‘निर्मितीतंत्र देणे’ पुरेसे आहे : ‘जीई कंपनी एफ-४१४ चे किमतीच्या हिशेबाने ८० टक्के निर्मितीतंत्र एचएएलला देणार.’ बौद्धिक संपदेचे हक्कही आपल्याकडे आले, तर ‘हस्तांतरण’ खुशाल लिहावे. तिथे तो शब्द जमिनीच्या दस्ताइतकाच खरा ठरेल.

याच बातम्यांत आणखी एक चूक दिसते : ‘९८ किलोन्यूटन शक्तीचे इंजिन’. किलोन्यूटन हे बलाचे माप आहे, शक्तीचे नव्हे. परिभाषेत ‘प्रणोद’ आहे, पण बातमीसाठी ‘रेटा’ हा सोपा आणि नेमका शब्द घरातच आहे. ९८ किलोन्यूटनचा रेटा म्हणजे साधारण १० टन वजन तोलून धरण्याइतका.