हक्क शिकवले तर मुलं डोक्यावर बसतील का?

“मॅडम, शाळेत बालहक्क शिकवले आणि घरात रोजची भांडणं सुरू झाली. काही बोलायला जावं तर म्हणते, हा माझा हक्क आहे! अशानं पोरं डोक्यावर बसायची नाहीत का?” सातवीतल्या मुलीची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. धाक सुटला तर मूल हाताबाहेर जाईल, ही भीती आईबापांना मनापासून वाटत असते.

आईवडील दोघांना बाहेर बसवलं आणि मुलीला कोरा कागद दिला. म्हटलं, तुला जे जे हवंय ते लिही. तिनं पेन दाबून लिहिलं: रात्री अकरापर्यंत मोबाईल. दादानं स्वतःचं ताट स्वतः उचलायचं. माझी डायरी विचारल्याशिवाय वाचायची नाही. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: वर्गात अंगठे धरायला लावू नये.

घरातल्या भांडणांमागे ही शेवटची ओळ होती. गृहपाठ राहिला की सगळ्या वर्गासमोर ओणवं उभं राहायचं, आणि घरी सांगायची चोरी.

वडिलांना बोलावून सांगितलं, तर म्हणाले, “आम्हीही धरलेत अंगठे. काय बिघडलं?” मी विचारलं, कशासाठी धरले होते? ते काही आठवेना. कोण कोण हसलं होतं, ते मात्र नावानिशी आठवलं. मग स्वतःच गप्प झाले.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारतानं १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम १२ मध्ये मुलांना आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे, आणि त्या मताला वय व समज पाहून वजन द्यायचं आहे. म्हणजे ऐकून घेणं मोठ्यांवर बंधनकारक. ऐकलेलं सगळं मान्य करणं नव्हे. शाळेत हक्कांची यादी पाठ होते, पण हा भाग घरातच शिकवावा लागतो.

म्हणून सगळ्यांनी मिळून तो कागद वाचला. अकरापर्यंत मोबाईल हा हट्ट आहे, हे तिनं फारसे आढेवेढे न घेता मानलं, कारण सकाळी डोळे उघडत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. डायरीचं आईनं कबूल केलं. खरी अडचण आली ताटाशी. “त्याला कशाला आता... दहावीचं वर्ष आहे,” असं आई दोनदा म्हणाली. मला वाटतं, त्या घरात समानतेचा धडा नेमका तिथेच अडला होता, आणि मुलीला ते आमच्याआधी कळलं होतं.

शाळेशी बोलायचं म्हटल्यावर, शिक्षक डूख धरतील ही भीती आलीच. मी सुचवलं, एकट्यानं जाऊ नका, वर्गातल्या आणखी दोन-तीन पालकांना बरोबर घ्या आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यांनी तसं केलं, शिक्षा थांबली. अशा वेळी दाद मिळाली नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. मूल संकटात असेल, तर १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक त्यालाही माहीत असावा.

मुलगी अजून वाद घालते. मोबाईलची वेळ साडेनऊ ठरली आहे, कागदावर चौघांच्या सह्या आहेत, आणि सहामाही संपल्यावर त्यावर पुन्हा बोलायचं, ही अट तिनं स्वतः घालून घेतली आहे.