बाटलीवरचे चित्र आणि बाटलीतली वाइन

प्रश्न : शातो मुतों रोत्शील्ड या फ्रेंच रेड वाइनच्या दोन रिकाम्या बाटल्या मला एका परिचितांच्या संग्रहातून मिळाल्या. १९७३ च्या बाटलीवर पिकासोचे चित्र आहे. १९९३ च्या बाटलीवर मात्र चित्राची जागा कोरीच आहे. पिकासोचे चित्र असलेली वाइन अधिक चांगली, असे समजावे काय? आणि कोरे लेबल बनावट असेल काय? दोन्ही लेबले सोडवून फ्रेम करावीत, असा माझा विचार आहे.

उत्तर : लेबलावरच्या चित्रावरून वाइनची प्रत कळत नाही, हे आधी स्पष्ट करतो, आणि तुमची १९७३ ची बाटलीच त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी बोर्दो या फ्रान्समधल्या वाइनसाठी प्रसिद्ध परिसरात, जिथे ही वाइन होते, एकूणच बेताची, हलकी वाइन झाली. पिकासोचे निधन त्याच वर्षी, एप्रिलमध्ये झाले होते, म्हणून मळ्याचे मालक असलेल्या रोत्शील्ड कुटुंबाच्या संग्रहातील त्याचे एक चित्र श्रद्धांजली म्हणून लेबलावर छापण्यात आले. शिवाय बोर्दोच्या वाइनांच्या १८५५ च्या अधिकृत प्रतवारीत दुसऱ्या श्रेणीत ठेवलेल्या मुतोंला पहिली श्रेणी मिळाली तीही १९७३ मध्येच, आणि त्या आदेशावर तेव्हाचे कृषिमंत्री जॅक शिराक यांची सही होती. ११८ वर्षांनी मिळालेला हा मान एका सामान्य हंगामाच्या बाटलीवर नोंदला गेला.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. १९४५ ची मुतों ही विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ वाइनांमध्ये गणली जाते, पण तिचे लेबल फिलिप जुलियाँ या तेव्हा फारसे नाव नसलेल्या तरुण चित्रकाराने केले. वेलपानांत गुंफलेले रोमन ‘व्ही’ हे अक्षर आणि ‘विजयाचे वर्ष’ हे शब्द, एवढेच त्यावर आहे. मळ्याचे मालक बॅरन फिलिप द रोत्शील्ड युद्धकाळात द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात गेले होते आणि त्यांच्या पत्नीचा त्याच वर्षी नाझींच्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत अंत झाला होता. हे ठाऊक असले की ते अक्षर नुसते विजयाचे चिन्ह वाटत नाही. दरवर्षी नव्या कलावंताचे चित्र छापण्याची प्रथा या लेबलापासून सुरू झाली.

खरे तर चित्रामागची कल्पना त्याहून जुनी आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. पूर्वी मळेवाले वाइन पिंपांतून बोर्दो शहरातल्या व्यापाऱ्यांना देत आणि बाटल्या भरण्याचे काम व्यापारी करीत. त्यामुळे बाटलीत शेवटी काय गेले याची हमी मळेवाल्याला देता येत नसे. १९२२ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी मळ्याचा कारभार हाती घेतलेल्या फिलिप यांनी सगळे पीक मळ्यावरच बाटलीबंद करायचे ठरवले आणि १९२४ च्या वाइनसाठी पोस्टरकार जाँ कार्लू यांच्याकडून लेबल करून घेतले. मेंढ्याचे डोके आणि रोत्शील्ड घराण्याचे पाच बाण असलेले ते धीट लेबल जुन्या वळणाच्या लोकांना रुचले नाही. तुमच्या बाटल्यांवर चित्राखालचा मजकूर नीट वाचलात, तर संपूर्ण पीक मळ्यावर बाटलीबंद केल्याची फ्रेंच ओळ सापडेल. चित्राकडे पाहताना ती ओळ सहज नजरेआड होते, पण मालकाने घेतलेली जबाबदारी तिच्यातच आहे.

पुढे ब्राक, दाली, हेन्री मूर, मिरो, शागाल, वॉरहॉल अशा नामवंत कलावंतांनी ही लेबले केली. मोबदला म्हणून त्यांना पैसे नव्हे, वाइनच्या पेट्या मिळत. १९५८ साठी दालीने लहान मुलाने काढावी तशी मेंढी रेखाटली. फ्रेंचमध्ये ‘मुतों’ म्हणजे मेंढीच. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे चित्र २००९ च्या बाटलीवर आहे, आणि ते वर्ष बोर्दोसाठी उत्कृष्ट होते. म्हणजे चित्र आणि वाइन यांचा असा मेळही कधी बसतो.

तुमचे कोरे लेबल बनावट असेलच असे नाही. १९९३ साठी चित्रकार बाल्तुस यांनी नग्न किशोरवयीन मुलीचे रेखाचित्र दिले होते. अमेरिकेत त्याला तीव्र विरोध झाला, तेव्हा फिलिप यांची कन्या फिलिपिन यांनी त्या देशासाठी चित्र काढून टाकले आणि त्याची जागा तशीच मोकळी ठेवली. मला तो विरोध समजण्यासारखा वाटतो. दुसरे एखादे चित्र घालून घडलेली गोष्ट झाकली नाही, हेही मला योग्य वाटते. तुमची बाटली बहुधा अमेरिकेच्या बाजारासाठीची असावी.

लेबले मात्र सोडवू नयेत. पाण्यात भिजवल्यास कागद फुगतो, कडा फाटतात आणि शाई उतरण्याचा धोका असतो. शिवाय बाटलीपासून सुटलेल्या लेबलाचे बाटलीशी असलेले नाते पुन्हा सिद्ध करता येत नाही. बाटल्या आहेत तशाच, उन्हापासून दूर, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात.