मध्यस्थी करावी, पण 'मध्यस्थ' म्हणवावं का?

प्रश्न असा आहे : दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेला आपण 'मध्यस्थीची प्रार्थना' म्हणतो, ती नेमाने करणाऱ्यांना कुणी कुणी 'मध्यस्थ'ही म्हणतात. पण देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सांगतं. मग हा शब्द चुकतो का? दुसरा कोणता वापरावा?

माझं मत : 'मध्यस्थी' ठेवावी, माणसांना 'मध्यस्थ' म्हणणं सोडावं. फरक बारीक वाटेल, पण मराठी बोलणाऱ्याच्या तो अंगवळणी पडलेला असतो. "तू त्याची वकिली करू नकोस" असं आपण भावाला बजावतो तेव्हा भाऊ वकील झाला असं कुणी समजत नाही. वकिली हे काम, वकील हे पद. मध्यस्थी आणि मध्यस्थ यांचंही तसंच.

गोंधळ होतो तो आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच घरातले असल्यामुळे. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या ग्रीकमध्ये ते वेगळ्या घरांतले आहेत, आणि गंमत म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दोन्ही चार वचनांच्या अंतराने येतात. पहिल्या वचनात सर्व माणसांसाठी जे करायला सांगितलं आहे त्यात 'एन्टेउक्सिस' आहे, पाचव्या वचनातला एकमेव मध्यस्थ आहे 'मेसितेस'. मेसितेस 'मधला' या अर्थाच्या शब्दावरून आला. एन्टेउक्सिसच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ गाठ घेणं, आणि त्यावरून अधिकाऱ्याची गाठ घेऊन अर्ज करणं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पवित्र आत्म्याबद्दल आणि ख्रिस्ताबद्दलही हेच क्रियापद येतं. म्हणजे पद एकाचं, पण त्या कामात विश्वासणाऱ्यांनाही हात घालू दिला आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

जुन्या करारातला हिब्रू शब्द 'पागा' याहून रांगडा. भेटणं, गाठणं, कधी कधी तर तुटून पडणं. यशयाच्या ५३व्या अध्यायाच्या शेवटी अपराध्यांसाठी केलेली मध्यस्थी याच शब्दाने सांगितली आहे.

आता 'मध्यस्थ' या शब्दाचा जुना संस्कृत अर्थ पाहा. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो मित्र, शत्रू, उदासीन यांच्या रांगेत बसतो : दोन्हींकडे सारखा पाहणारा, तटस्थ. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणारा तटस्थ कधीच नसतो. सदोम नगराचा नाश टळावा म्हणून अब्राहाम देवापुढे उभा राहतो आणि ५० नीतिमानांपासून घासाघीस करत १० पर्यंत येतो, तेव्हा तो उघड उघड एका बाजूचा असतो. लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं त्यानंतर मोशे तर म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझंच नाव पुसून टाक.

या अर्थाला आपला 'रदबदली' हा शब्द खरं तर जास्त जवळचा. दुबळ्याची बाजू घेऊन बलवानापाशी शब्द टाकणं, ही त्याची छटा. (हिंदीतला 'रद्दोबदल' मात्र निराळा, तो फेरफार.) पण आजच्या वापरात रदबदलीला वशिल्याचा वास येतो, त्यामुळे मंडळीच्या पत्रकावर तो छापावा असं मी म्हणणार नाही. 'खिंडारात उभं राहणं' मात्र जरूर वापरावं. तटबंदी फुटली तिथे कुणीतरी स्वतः उभं राहायचं, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं चित्र मराठी कानाला समजावून सांगावं लागत नाही.

एक शब्दयोगी अव्ययांची गोष्टही यात गुंतली आहे. 'त्यांच्यासाठी' आणि 'त्यांच्या वतीने' एक नव्हेत. दूर देशी गेलेल्या मिशनऱ्याचं पत्र येतं : भाषा अजून जिभेवर बसत नाही, राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली आहे, धाकटीचा ताप उतरत नाही. हे एकेक प्रार्थनाविषय नाव घेऊन देवापुढे ठेवणं म्हणजे 'साठी'. दानीएल संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात "आम्ही पाप केलं" म्हणतो, "त्यांनी" म्हणत नाही, ते 'वतीने'. मिशनकार्याला दोन्ही लागतात, आणि "सर्व सेवकांना आशीर्वाद दे" या एका वाक्यात यातलं एकही नीट होत नाही.

'साखळी प्रार्थना' हा शब्दही याच कुटुंबातला, त्याचा अर्थही एका प्रसंगातून छान उलगडतो. जर्मनीतल्या हर्नहूट गावी १७२७ साली २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले आणि मध्यस्थी सुरू केली. ती साखळी शंभराहून अधिक वर्षं चालली. १७३२ मध्ये तिथूनच दोघे जण कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे निघाले.

तेव्हा पत्रकात 'मध्यस्थांची सभा' असेल तर 'मध्यस्थीची प्रार्थनासभा' करा. माणसांना नाव हवंच असेल तर 'प्रार्थना-सहकारी' म्हणा. रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात पौल वाचकांना प्रार्थनेत आपल्याबरोबर झगडायला बोलावतो, आणि तिथल्या ग्रीक क्रियापदात 'बरोबर' हा अर्थ आहेच.