आरशातले राजा-राणी

प्रश्न : 'लास मेनिनास' या चित्रात राजा-राणी लपले आहेत, असं लेकीच्या पुस्तकात वाचलं. मला तर मधोमध छोटी राजकन्याच दिसते! आणि पिकासोनं तेच चित्र पुन्हा का काढलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, राजकन्या मार्गारिताच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघा. काळपट चित्रांखाली एक छोटी चौकट उजळलेली आहे. तो आरसा. त्यात स्पेनचा राजा चौथा फिलिप आणि राणी मारियाना. म्हणजे ते दोघं उभे आहेत नेमके तुमच्या जागी! काही अभ्यासकांच्या मते आरशात दिसतं ते डावीकडच्या पाठमोऱ्या कॅनव्हासवरचं त्यांचं चित्र. मला पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण चित्रातले बरेच डोळे थेट आपल्याकडे लागलेले आहेत.

हे चित्र काढणाऱ्या वेलास्केझनं 1656 साली यात स्वतःलाही रंगवलं, हातात कुंचला घेऊन, राजघराण्याच्या शेजारी. छातीवरचा लाल क्रूस मात्र नंतरचा; तो सरदारकीचा मान त्याला 1659 साली मिळाला. चित्रकार हा नुसता कारागीर नव्हे, हे त्याला ठासून सांगायचं होतं, असं मी मानते. चित्रकला शिकवताना मी मुलांना हा क्रूस आवर्जून दाखवायचे.

पिकासोनं 1957 साली फ्रान्समधल्या कान शहरातल्या घरी काही महिने याच चित्राचा ध्यास घेतला आणि 58 चित्रांची मालिका केली. नक्कल एकही नाही. पहिल्या मोठ्या चित्रात सगळं करड्या रंगात, चित्रकार छताला टेकेल इतका उंच, आणि पुढ्यातल्या धिप्पाड कुत्र्याच्या जागी पिकासोच्या घरचा बुटका डॅक्सहुंड, लुम्प! ही मालिका बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयात आहे. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. लेकीला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवा, आणि आधी कुत्रा शोधायला सांगा.