कॅन्टोन्मेंटमधल्या घराची दुरुस्ती: नगरसेवक की ब्रिगेडियर?

आजीच्या घराची कौलं गळतायत, अर्ज कित्येक महिने पडून आहे, आणि दाद नगरसेवकाकडे मागायची की ब्रिगेडियरसाहेबांकडे, असं तुम्ही विचारलंय. वाचून आमचेच दिवस आठवले. राज्यात सात कॅन्टोन्मेंट आहेत, त्यातल्या एकात आमचं घर आहे. (मी वकील नाही. फाइल बघितल्याशिवाय कुणाचंच छातीठोक ऐकू नका, माझंही.)

जीएलआरचा, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या जमीन-नोंदवहीचा, उतारा काढला असेलच. त्यात 'ओल्ड ग्रँट' हा जमिनीचा प्रकार लिहिला असेल तर जमीन सरकारची, बांधकाम तेवढं आपलं.

नगरसेवकाचा नाद सोडा. २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याप्रमाणे मोठ्या कॅन्टोन्मेंट बोर्डात आठ निवडून आलेले आणि आठ पदसिद्ध किंवा नेमलेले. अध्यक्ष स्टेशन कमांडर (म्हणजे तुमचे ब्रिगेडियरसाहेब), समसमान मतं पडली की निर्णायक मतही त्यांचंच. म्हणजे लोकांचं पारडं तेव्हाही हलकंच. आता तर तेही उरलं नाही. शेवटची निवडणूक २०१५ ला झाली. २०२१ पासून तिघांचं बोर्ड: कमांडर, सीईओ आणि सरकारने नेमलेला एक नागरिक. त्यालाच मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. २०२३ ला निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्येच रद्द झाली. तरी माझ्या मते खरी आडकाठी वर्दीवाल्यांची नसते. आम्हाला भेटलेल्या कर्नलसाहेबांनी दोन मिनिटांत सांगितलं, आमची हरकत नाही.

घोळ घातला एका मधल्या कार्यालयाने. नाव घेत नाही, घर अजून तिथेच आहे. बोर्ड फाइल तिकडे पाठवायचं, अभिप्राय तीस दिवसांत यायला हवा. यायची ती फाइलच, समासात पेन्सिलीने 'लष्कराचे मत घ्यावे' असं लिहून. खाली सही नाही, तारीख नाही. लष्कर म्हणे आम्हाला पत्रच नाही. माहिती अधिकारात नक्कल मागवली, तर झेरॉक्सवर पेन्सिल उमटलीच नाही! कोणी अडवलं हे कागदावर कुठेच नाही. दोन पावसाळे तसेच गेले आणि मागची भिंत बसली.

म्हणून नक्कल मागू नका, फाइल समक्ष बघायची परवानगी मागा. माहिती अधिकार कायद्यात ती सोय आहे. शेरे स्वतः उतरवून घ्या आणि त्यावर लेखी खुलासा मागा. प्रत्येक कागदावर आवक शिक्का हवाच.

नागरी भाग महापालिकेत जाणार म्हणून थांबा, असं कुणी सांगेल. थांबू नका. अर्जात 'नूतनीकरण' लिहिलंत तर नवा नकाशा मागतील. 'कौले बदलणे, उंची व वासे पूर्वीप्रमाणेच' एवढंच लिहा, आणि छपराचे फोटो आत्ताच काढून ठेवा.